वाहनातील हलकी बॅटरी : वजनाचा हिशेब आणि गोंदिया जिल्हा

मोटारगाडीतील मूळची शिसे-आम्ल बॅटरी काढून तिच्या जागी लिथियमची हलकी बॅटरी बसवली की गाडीचे वजन घटते, आणि वजन घटल्यामुळे इंधन वाचते व गाडी अधिक चपळ होते, असा दावा शर्यतीच्या मोटारींपासून निघून गेल्या दीड दशकात सामान्य वाहनधारकापर्यंत येऊन पोहोचला आहे. या दाव्याचा पहिला भाग वादातीत आहे. दुसरा भाग मात्र कोणत्या वाहनातून किती वजन उतरवले, ते वाहन कोणत्या हवामानात चालते आणि या बदलासाठी काय मोजावे लागले, यांवर अवलंबून असल्यामुळे त्याचे सरसकट उत्तर देता येत नाही. गोंदिया जिल्हा या प्रश्नाच्या तपासणीसाठी सोयीचा आहे, कारण येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि हिवाळ्यात हाच जिल्हा विदर्भातील सर्वांत थंड ठिकाणांत गणला जातो. शिवाय एमएच-३५ क्रमांकाच्या छोट्या पेट्रोल मोटारी, धान वाहणाऱ्या डिझेल पिकअप गाड्या, शहरातील ई-रिक्षा आणि बिरसीच्या धावपट्टीवरून उडणारी प्रशिक्षण विमाने अशी चार निरनिराळ्या गरजांची वाहने येथे एकाच आकाशाखाली चालतात. प्रश्न चौघांना एकच असला तरी उत्तर चौघांचे वेगळे येते, आणि या विषयावरील बहुतेक चर्चा नेमकी तेथेच घसरते.

शिसे-आम्ल बॅटरीचा शोध फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लान्ते याने १८५९ मध्ये लावला आणि कामिल फोर याने १८८१ मध्ये शिशाच्या पत्र्यावर शिशाच्या संयुगाचा लेप देण्याची युक्ती काढून ती व्यवहारात आणली. मोटारगाडीशी तिचा कायमचा संबंध जुळला तो १९१२ मध्ये, जेव्हा अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग याच्या विद्युत स्टार्टरने कॅडिलॅक मोटारीतील हँडल मारण्याचे कष्ट संपवले. तिची रचना आजही मूलतः तीच आहे. एका टोकाला सच्छिद्र शिशाची पट्टी, दुसऱ्या टोकाला शिशाच्या डायऑक्साइडची पट्टी आणि दोहोंमध्ये सौम्य गंधकाम्ल, असा एक कप्पा म्हणजे एक सेल. पूर्ण चार्ज झालेला सेल सुमारे २.१ व्होल्ट देतो आणि असे सहा सेल एकापुढे एक जोडले की ज्याला व्यवहारात बारा व्होल्टची बॅटरी म्हणतात ती, प्रत्यक्षात १२.६ व्होल्टची, बॅटरी तयार होते. शिशाची घनता पाण्याच्या अकरा पटींहून अधिक असल्यामुळे बॅटरीच्या वजनाचा निम्म्याहून बराच मोठा भाग या पट्ट्यांचाच असतो. एक किलो बॅटरीत किती ऊर्जा साठते या मापाला विशिष्ट ऊर्जा म्हणतात, आणि शिसे-आम्ल बॅटरीच्या बाबतीत ती किलोमागे ३० ते ४० वॅट-तास इतकी भरते. रासायनिक समीकरणावरून काढलेली कमाल मर्यादा याच्या चौपटीहून जास्त आहे. परंतु विद्युतप्रवाह वाहून नेणारी जाळी, पट्ट्यांना जोडणाऱ्या कड्या, आम्लातील पाणी आणि पेटी हे सगळे काही न साठवता वजनात मात्र भर घालतात, त्यामुळे ती मर्यादा कागदावरच राहते.

ही बॅटरी जड आहे हे खरे असले तरी ती पूर्वी याहून जड होती, हे सहसा कोणी ध्यानात घेत नाही. कठीण रबराची काळी पेटी, डांबरासारख्या द्रव्याने बुजवलेले झाकण आणि झाकणावरून उघड्याने जाणाऱ्या शिशाच्या जाड पट्ट्या, ही जुन्या ट्रक-जीपमधील बॅटरीची ओळख होती. पुढे पॉलिप्रॉपिलीनची पातळ पेटी आली, सेल जोडणाऱ्या पट्ट्या झाकणावरून न नेता आतल्या भिंतीला भोक पाडून आरपार सांधल्या जाऊ लागल्या, जाळीतील अँटिमनीच्या जागी कॅल्शियम आले आणि जाळी ओतण्याऐवजी शिशाच्या पातळ पत्र्याला चिरा देऊन ताणून बनवता येऊ लागली. भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १४२५७ हे १९९५ चे मानक तर नावातच वजनाने हलक्या आणि स्टार्टर फिरवण्याची जास्त ताकद असलेल्या शिसे-आम्ल बॅटऱ्यांसाठीचे आहे. म्हणजे हलकी बॅटरी ही नवी गोष्ट नसून आज गोंदियाच्या कोणत्याही दुकानात मिळणारी साधी बॅटरी हीसुद्धा एका हलकेपणाच्या मोहिमेचेच फळ आहे, आणि नव्या लिथियम बॅटरीची तुलना तिच्याशी करायची असते, आजोबांच्या जीपमधील बॅटरीशी नव्हे.

आता बॅटरी गाडीत नेमके काय काम करते ते पाहिले पाहिजे. छोट्या पेट्रोल मोटारीचा सेल्फ मारला की स्टार्टर साधारण दीडशे अँपिअरचा प्रवाह ओढतो, पण तो जेमतेम सेकंदभर. दीडशे अँपिअर एक सेकंद म्हणजे ०.०४ अँपिअर-तास, ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीच्या साठ्यापैकी हा पाव टक्कासुद्धा नव्हे. इंजिन सुरू झाले की अल्टरनेटर सगळा भार उचलतो आणि खर्च झालेले थेंबभर परत भरून टाकतो. याचा अर्थ असा की इंजिन सुरू करण्यासाठी मोठा साठा लागत नाही, क्षणभर मोठा प्रवाह देण्याची ऐपत लागते. आणि शिशाची बॅटरी मोठी ठेवावी लागते ती मुख्यतः ही ऐपत पट्ट्यांच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते म्हणून. उरलेला साठा राखीव असतो. रात्री पावसात अल्टरनेटरचा पट्टा तुटला तर दिवे आणि वायपर चालवत गाव गाठता यावे, किंवा महिनाभर उभी राहिलेली गाडी पुन्हा सुरू व्हावी, यासाठी तो असतो. हलकी बॅटरी विकणारा जे वजन कमी करून देतो त्यात रसायनाचा वाटा असतो तसाच या राखीव साठ्याच्या कपातीचाही असतो, आणि जाहिरातीत फक्त पहिला वाटा दिसतो.

लिथियमच्या अनेक बॅटऱ्यांपैकी मोटारीच्या बारा व्होल्टच्या कामाला सर्वाधिक जुळणारी आहे ती लिथियम आयर्न फॉस्फेटची. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील प्रयोगशाळेत जॉन गुडइनफ यांच्या मार्गदर्शनाखाली अक्षय पाढी आणि के. एस. नंजुंडस्वामी या भारतीय वंशाच्या संशोधकांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात या द्रव्याचे गुण दाखवून दिले. गुडइनफ यांना पुढे २०१९ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले ते अर्थात लिथियम-आयन बॅटरीवरील त्यांच्या एकूण कामासाठी. या द्रव्यात ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असल्यामुळे तो तापूनही सहज सुटत नाही, आणि म्हणून मोबाईलमधील कोबाल्टयुक्त बॅटरीपेक्षा ही पेट घेण्यास बरीच नाखूश असते. तिचा सेल ३.२ व्होल्टचा असतो. चार सेल जोडले की १२.८ व्होल्ट होतात, जे शिशाच्या सहा सेलच्या अगदी जवळ जाते. विशिष्ट ऊर्जा किलोमागे ९० ते १६० वॅट-तास, म्हणजे शिशाच्या तिप्पट-चौपट. कागदावर पाहता याहून सोयीचा पर्याय दुसरा नाही.

कारखान्यातूनच अशी बॅटरी देण्याचा गाजलेला पहिला प्रयोग पोर्शे या जर्मन कंपनीचा. २०१० पासून ९११ जीटी३ आणि बॉक्स्टर स्पायडर या मोटारींना लिथियमची स्टार्टर बॅटरी ज्यादा पैसे मोजून मिळू लागली. नेहमीची ६० अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी सुमारे १६ किलोची, तर ही सहा किलोंहून कमी. बचत दहा किलोंची आणि जर्मनीतील किंमत १,९०० युरोंच्या घरात. या बॅटरीची खरी क्षमता १८ अँपिअर-तास होती, आणि कडाक्याच्या थंडीत ती प्रवाह देण्यास कचरते म्हणून कंपनी गाडीसोबत शिशाची नेहमीची बॅटरीही देत असे. या एका उदाहरणात सगळा प्रश्न सामावलेला आहे. दहा किलोंसाठी एवढे पैसे मोजायला तयार असलेला ग्राहक शर्यतीच्या मैदानावर सेकंदाचा अंश वाचवण्यासाठी जात होता, आणि त्यालाही जुनी बॅटरी घरात ठेवावीच लागत होती.

गोंदियातील सामान्य मोटारीचा हिशेब मांडला तर आकडे फारच लहान येतात. छोट्या पेट्रोल मोटारीतील ३५ अँपिअर-तासांची बॅटरी दहा किलोंच्या आसपास भरते. तिच्या जागी तीन किलोंची लिथियम बॅटरी बसवली असे धरले तर बचत सात किलोंची होते. गाडी ८५० किलोंची आणि आत दोन माणसे, असे एकूण हजार किलो धरले तर ही बचत ०.७ टक्का. वाहनाचे वजन दहा टक्क्यांनी घटवले आणि इंजिन तेच ठेवले तर इंधनाचा खर्च तीन ते चार टक्क्यांनी उतरतो; इंजिनही त्या मानाने लहान केले तर सहा-सात टक्क्यांपर्यंत. उदार हाताने दोन्ही टोके धरली तरी सात किलोंमुळे होणारी बचत पाव ते अर्ध्या टक्क्याची ठरते. लिटरला वीस किलोमीटरचे ॲव्हरेज देणारी गाडी वर्षाला दहा हजार किलोमीटर चालली तर पाचशे लिटर पेट्रोल जळते, आणि त्यातून सव्वा ते अडीच लिटर वाचते. पेट्रोल शंभराच्या वर गेलेले असतानाही वर्षाकाठी ही रक्कम सव्वाशे ते पावणेतीनशे रुपयांची होते. शिशाच्या बॅटरीच्या कित्येक पट किंमत देऊन घेतलेली बॅटरी या बचतीतून कधीच वसूल होणार नाही. चारही चाकांतील हवा एक-दोन पौंडांनी कमी असली तर जवळपास एवढेच इंधन वाया जाते, आणि हवा भरायला खर्च जवळजवळ काहीच येत नाही. गावाहून परतताना डिकीत टाकलेला धानाचा एक कट्टा, जो आधारभूत खरेदी केंद्रावर ४० किलोंचा भरतो, तो सहा बॅटऱ्यांची बचत एका फेरीत पुसून टाकतो.

चपळाईबाबतही हेच. शून्यापासून शंभर किलोमीटर वेग गाठायला चौदा सेकंद घेणारी गाडी सात किलोंनी हलकी होऊन सेकंदाचा दहावा भाग वाचवते, जो चालकाला जाणवणे शक्य नाही. शर्यतीच्या मोटारीत बॅटरीचे स्थान बदलणे हे वजन घटवण्याइतकेच महत्त्वाचे असते, कारण पुढच्या चाकांच्याही पुढे लटकलेले वजन वळणावर नाक बाहेर ओढते. पण त्यासाठी बॅटरी हलकीच हवी असे नाही, ती डिकीत किंवा सीटखाली सरकवली तरी भागते. पुण्यात विकसित झालेल्या आणि २००९ मध्ये रस्त्यावर आलेल्या टाटा नॅनोत बॅटरी पुढच्या सीटखाली होती आणि सबंध गाडीच सुमारे सहाशे किलोंची होती. गाडी हलकी करायची तर ती आराखड्याच्या टप्प्यावर, पत्र्यापासून खिळ्यापर्यंत करावी लागते, हे त्या गाडीच्या व्यापारी अपयशानंतरही तितकेच खरे राहते.

हवामानाचा मुद्दा मात्र वजनाच्या मुद्द्याहून अधिक तपशिलात पाहण्यासारखा आहे, कारण गोंदियात बॅटरी बसते ती बहुधा उन्हाळ्यामुळे. रासायनिक क्रियेचा वेग तापमानाबरोबर वाढतो, आणि शिशाच्या बॅटरीबाबत असा ढोबळ नियम मानला जातो की २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना तिचे आयुष्य निम्मे होते. जाळीचे शिसे गंजत जाते, आम्लातील पाणी उडते, पट्ट्यांचा लेप सैल होऊन तळाशी गाळ साचतो. मे महिन्याच्या दुपारी बाहेर ४५ अंश असताना बोनेटखालचे तापमान त्याहून कितीतरी वर असते, आणि त्यातही सर्वांत वाईट वेळ असते ती गाडी उभी केल्यानंतरची पहिली काही मिनिटे. पंखा आणि समोरून येणारा वारा बंद झालेला असतो, इंजिनची उष्णता मात्र बाहेर पडतच असते आणि शेजारच्या बॅटरीला शेकत राहते. ज्या मालकाची बॅटरी जूनमध्ये पहिल्या पावसात बसते त्याला पावसाचा दोष वाटतो. प्रत्यक्षात ती मे महिन्यातच खंगलेली असते.

लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी या उष्णतेत शिशापेक्षा टिकाऊ ठरते का, याचे उत्तर होय आणि नाही असे दुहेरी आहे. पोर्शेला भेडसावणारी थंडीची अडचण येथे उद्भवत नाही. शून्याखाली चार्ज केल्यास ऋणाग्रावर लिथियम धातूचा थर चढून सेल कायमचा बिघडतो. पण गोंदियाचा हिवाळा कितीही बोचरा असला, पारा सात-आठ अंशांवर उतरला, तरी शून्याला तो शिवत नाही. उलट बहुतेक लिथियम सेलना वापराची वरची मर्यादा ६० अंशांच्या आसपास आखून दिलेली असते आणि चार्जिंगसाठी ती याहूनही खाली असते. बोनेटखाली इंजिनला चिकटून बसवलेली बॅटरी उन्हाळ्यात ही मर्यादा रोज ओलांडू शकते. युरोपातील थंडीसाठी लिहिलेला सल्ला पूर्व विदर्भात उलटा करून वाचावा लागतो: तेथे बॅटरी गार पडू नये म्हणून जपतात, येथे तिला इंजिनपासून दूर नेणे हीच पहिली अट ठरते, आणि बहुतेक छोट्या गाड्यांत तशी जागाच नसते.

दुसरी अडचण चार्जिंगची. शिशाच्या बॅटरीला थोडे जास्त-कमी व्होल्टेज चालून जाते. जादा वीज पाण्याचे विघटन करण्यात खर्ची पडते आणि फार तर डिस्टिल्ड वॉटर टाकावे लागते. लिथियम सेलमध्ये असा सोशिकपणा नसतो. चारही सेल सारख्या पातळीवर ठेवणे, व्होल्टेज वरच्या मर्यादेबाहेर गेल्यास किंवा फार उतरल्यास जोडणी तोडणे आणि तापमानावर नजर ठेवणे, हे काम एक इलेक्ट्रॉनिक मंडल करते, ज्याला बाजारात बीएमएस म्हणतात. चालत्या गाडीत या मंडलाने अचानक जोडणी तोडली तर अल्टरनेटरची वीज जाईल कोठे, हा प्रश्न उभा राहतो. व्होल्टेज क्षणभर उसळते आणि अलीकडच्या गाड्यांतील संगणकीय नियंत्रणांना ते सोसत नाही. शिवाय नव्या गाड्यांत अल्टरनेटर बॅटरीच्या प्रकाराला धरून आपले व्होल्टेज बदलत असतो, आणि त्याला ठाऊक असलेली बॅटरी शिशाची असते. मारुती सुझुकीने २०१८ मध्ये सियाझ मोटारीच्या सौम्य हायब्रिड प्रणालीत लिथियम-आयन बॅटरी आणली तेव्हा शिशाची बॅटरी काढली नाही; दोन्ही एकत्र ठेवून त्यांच्यात कामाची वाटणी केली. ज्या कंपनीला गाडीतील ग्रॅम-ग्रॅम मोजण्याची सवय आहे तिनेही शिशाला निरोप दिला नाही, ही बाब पुरेशी बोलकी आहे. विद्युत मोटारींचे गणित वेगळे असते, कारण तेथे स्टार्टरच नसतो. टेस्लाने २०२१ पासून आपल्या गाड्यांतील छोटी शिशाची बॅटरी काढून लिथियमची बसवली ती सबंध विद्युतप्रणाली तिच्याभोवती नव्याने आखून.

खरेदीदाराची फसगत होण्याची सर्वांत मोठी जागा म्हणजे बॅटरीवर छापलेला अँपिअर-तासांचा आकडा. काही उत्पादक लिथियम बॅटरीवर तिची खरी क्षमता न छापता शिशाशी समतुल्य क्षमता छापतात, जी खऱ्या आकड्याच्या तिप्पट असू शकते. म्हणजे ६० असे लिहिलेल्या बॅटरीत प्रत्यक्षात विसाच्या आसपास अँपिअर-तास असतात. सेल्फ मारण्याच्या ऐपतीपुरती ही तुलना रास्त असली तरी राखीव साठ्याच्या बाबतीत ती दिशाभूल करते. बंद उभी असलेली गाडीसुद्धा घड्याळ, गजर आणि नियंत्रणांसाठी ४० मिलीअँपिअरच्या आसपास वीज खाते, म्हणजे दिवसाला जवळजवळ एक अँपिअर-तास. अठरा अँपिअर-तासांची बॅटरी या गतीने अडीच आठवड्यांत पार रिकामी होते. घरधनी नागपूर-पुण्याला नोकरीला आणि गाडी आमगाव किंवा तिरोड्याच्या घरी महिनाभर झाकून ठेवलेली, असे चित्र असलेल्या कुटुंबाला ही बॅटरी घेऊन धक्का मारण्याचीच तयारी ठेवावी लागेल.

धान, तांदूळ आणि कोंडा वाहणाऱ्या डिझेल पिकअप गाड्यांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. डिझेल इंजिनात हवा पेट्रोल इंजिनापेक्षा बरीच जास्त दाबावी लागते, त्यामुळे स्टार्टरला मोठी बॅटरी लागते आणि तिच्यातून दहा-बारा किलो वाचूही शकतात. पण हजार-बाराशे किलो माल लादणाऱ्या गाडीत दहा किलोंना काही अर्थ उरत नाही.

ई-रिक्षा हे मात्र निराळे प्रकरण आहे, आणि हलक्या बॅटरीचा खरा लाभार्थी शोधायचा तर तो येथेच सापडतो. मोटारीत बॅटरी ही मदतनीस असते, ई-रिक्षात ती इंधनाची टाकी असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑक्टोबर २०१४ मध्ये झालेल्या दुरुस्तीने या वाहनाला कायद्यात जागा मिळाली: चार प्रवासी, ४० किलो सामान आणि ताशी २५ किलोमीटरचा वेग ही त्याची चौकट. सर्वसाधारण ई-रिक्षात शंभर अँपिअर-तासांच्या वरच्या चार शिसे-आम्ल बॅटऱ्या असतात. प्रत्येक पंचवीस ते तीस किलोंची धरली तर एकूण वजन शंभर-सव्वाशे किलोंच्या दरम्यान जाते. तेवढ्याच क्षमतेचा लिथियम आयर्न फॉस्फेटचा संच ४५ ते ५० किलोंत बसतो. बचत साठ-सत्तर किलोंची, म्हणजे एका प्रवाशाची. चालक व चार प्रवाशांसह सातशे किलोंच्या आसपास भरणाऱ्या वाहनातून हे वजन उतरले तर घट नऊ टक्क्यांची होते, मोटारीतील ०.७ टक्क्याशी याची तुलनाच होऊ शकत नाही.

त्यातही ताशी २५ किलोमीटर वेगाला हवेचा विरोध नगण्य असतो आणि मोटरची वीज मुख्यतः चाकांचे घर्षण व वारंवार थांबून पुन्हा निघणे यांवर खर्च होते. हे दोन्ही खर्च वजनाच्या थेट प्रमाणात असल्यामुळे वजनातली घट जवळजवळ तशीच्या तशी वाढीव पल्ल्यात उतरते. गोंदिया रेल्वे स्थानक ते बाजार अशा दोन-दोन मिनिटांनी थांबणाऱ्या फेऱ्यांत हा फरक हमरस्त्यापेक्षा जास्त जाणवावा, हे ओघानेच येते. वजनाखेरीज इतरही लाभ आहेत आणि ते कदाचित त्याहून मोठे आहेत. शिशाची बॅटरी निम्म्याखाली वारंवार उतरवली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते, त्यामुळे विकत घेतलेली क्षमता पूर्ण वापरताच येत नाही. लिथियमची ८० ते ९० टक्के निर्धास्त वापरता येते. शिशाची बॅटरी काही शे चक्रे टिकते, म्हणजे तितक्या वेळा पूर्ण उतरून पुन्हा भरता येते, तर लिथियम आयर्न फॉस्फेट दोन हजारांच्या घरात. पहिलीला भरायला आठ-दहा तास लागतात, दुसरीला तीन-चार, त्यामुळे दुपारच्या उन्हात गिऱ्हाईक नसताना चार्जिंग उरकून संध्याकाळची गाडी गाठता येते. भरताना वाया जाणारी वीजही शिशात पाचव्या हिश्श्यापर्यंत जाऊ शकते. दीड-दोन पट किंमत देऊनही येथे पैसे वसूल होतात, कारण शिशाचा संच साधारण वर्ष-दीड वर्षाने बदलावा लागतो. अडचण असते ती एकरकमी पैशाची. रोजच्या कमाईवर घर चालवणाऱ्या चालकाला दोन वर्षांनंतरची बचत आज उसनी मिळत नाही, आणि जुन्या शिशाच्या बॅटरीला मोडीत जी हमखास किंमत येते ती जुन्या लिथियम संचाला अजून तशी येत नाही.

विमानाच्या बाबतीत प्रत्येक किलोचे मोल आणखी वाढते, पण धोक्याचेही. गोंदियाजवळ बिरसी येथे राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्थेत शिकणाऱ्या वैमानिकाला उड्डाणापूर्वी वजन व समतोलाचा तक्ता भरावा लागतो, कारण छोट्या विमानात माणसे, इंधन आणि सामान यांची बेरीज मर्यादेत राहणे आणि गुरुत्वमध्य ठरलेल्या पट्ट्यात पडणे यावर सुरक्षितता अवलंबून असते. अशा विमानात बॅटरी बदलणे हा मालकाच्या मर्जीचा विषय नसतो; त्यासाठी विमानाच्या प्रमाणपत्राला जोडून स्वतंत्र मंजुरी लागते. मोठ्या विमानांतील अनुभव तर डोळे उघडणारा आहे. बोइंगने ७८७ विमानात जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीऐवजी हलकी लिथियम-आयन बॅटरी निवडली. जानेवारी २०१३ मध्ये बोस्टनला उभ्या असलेल्या एका विमानात बॅटरी पेटली, पाठोपाठ जपानमध्ये दुसऱ्या विमानाला धुरामुळे तातडीने उतरावे लागले, आणि १६ जानेवारीला अमेरिकेच्या विमान प्रशासनाने ही विमाने जमिनीवर आणली. एअर इंडियाची त्या वेळची सहा विमानेही एप्रिलअखेरपर्यंतच्या या काळात थांबली. तोडगा म्हणून बॅटरीभोवती पोलादी पेटी आणि धूर थेट बाहेर सोडणारी नळी बसवली गेली, आणि तिचे वजन विमानामागे सुमारे ६८ किलो भरले. हलकी बॅटरी घेऊन मिळवलेला लाभ तिच्या कवचात संपला. एअरबसने तर त्याच वर्षी आपल्या नव्या ए३५० विमानासाठी निकेल-कॅडमियमकडेच परतण्याचे ठरवले. ७८७ मधील बॅटरीचे रसायन कोबाल्टयुक्त होते, लिथियम आयर्न फॉस्फेट नव्हे, हे नमूद केले पाहिजे; तरीही बॅटरीचे वजन मोजताना तिच्या संरक्षणाचे वजन धरायचे असते, हा धडा रसायन बदलल्याने बदलत नाही.

रस्त्यावरील वाहनांत हाच धडा आपल्याकडे २०२२ मध्ये गिरवावा लागला. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात पुण्यातील लोहगाव येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या विद्युत स्कूटरने पेट घेतला, देशात इतरत्रही तशा घटना घडल्या, आणि केंद्र सरकारने विद्युत दुचाकी-तीनचाकींच्या बॅटऱ्यांसाठीचे एआयएस-१५६ हे मानक कडक करून डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू केले. विद्युत वाहनाला प्रकार-मान्यता मिळते ती त्याच्या बॅटरीसह, म्हणून गल्लीतल्या कारागिराकडून सुटे सेल जोडून घेतलेला संच स्वस्त पडला तरी तो अपघातानंतर विमा कंपनीपुढे उभा राहत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरबदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही तरतूद अधोरेखित केली आहे. साध्या मोटारीत बारा व्होल्टच्या जागी बारा व्होल्टची बॅटरी बसवणे हा सुटा भाग बदलण्यासारखा प्रकार असला तरी कंपनीची वॉरंटी त्यामुळे धोक्यात येऊ शकते.

शिशाच्या विरोधात एक युक्तिवाद उरतो, आणि तो वजनाशी संबंधित नसूनही वजनदार आहे. शिशाची बॅटरी जवळजवळ पूर्णपणे पुन्हा वितळवून वापरता येते, ही तिची थोरवी. पण हे काम परवानाधारक कारखान्याबाहेर, उघड्या भट्टीत झाले तर धूर आणि आम्ल आसपासच्या मातीत मुरते. युनिसेफने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण धोक्याच्या पातळीवर असल्याचा अंदाज मांडला आणि त्याच्या प्रमुख कारणांत बॅटऱ्यांचे असे अनधिकृत वितळण गणले. भारतात २००१ पासून बॅटऱ्यांविषयी नियम आहेत, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी लिथियमसह सर्व प्रकारच्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. ई-रिक्षाचा शिशाचा संच वर्ष-दीड वर्षाला मोडीत निघतो हे ध्यानात घेतले तर, शहरातील शंभर रिक्षा लिथियमवर गेल्याने वाचणारे शिसे हजारो मोटारमालकांनी हौसेने बॅटरी बदलल्याने वाचणाऱ्या पेट्रोलपेक्षा समाजाच्या जास्त कामी येईल.

तेव्हा गोंदिया जिल्ह्यातील सामान्य मोटारमालकाने वजन वाचवण्यासाठी बॅटरी बदलू नये. बॅटरी बसलीच तर कंपनीने सांगितलेल्या मापाची, मानकाची खूण असलेली आणि उत्पादनाची तारीख पाहून ताजी शिशाची बॅटरी घ्यावी, आणि जुनी दुकानदाराकडे जमा करून तिची पावती मागावी. ई-रिक्षाचालकाने मात्र पुढचा संच घेताना प्रमाणित लिथियम आयर्न फॉस्फेटचा विचार अवश्य करावा; बॅटरीवर छापलेली खरी अँपिअर-तास क्षमता, वॉरंटीची वर्षे व चक्रे आणि जुना संच परत घेण्याची हमी या तीन गोष्टी विक्रेत्याकडून बिलावर लिहून घ्याव्यात.